एसटी सुटायच्या आत

राजूरच्या स्टँडवर दुपारची गाडी लागलीय. कंडक्टरने डबल बेल दिलेली नाही, पण ड्रायव्हर चहा संपवून उठलाय. इकडे मेडिकलच्या काउंटरवर एक बाई उभी आहे. कडेवर पोर, पोराचं अंग तापलेलं, हातात डॉक्टरांची चिठ्ठी. कुमशेतची आहे की साम्रदची, ते विचारायलाही वेळ नाही. तुम्ही चिठ्ठी वाचता, बाटली काढता, पैसे घेता आणि सांगता, "दिवसातून तीनदा, एकेक चमचा." ती मान हलवते आणि गाडीकडे पळते.

समजा, डी.फार्म पास होऊन तुम्ही परवाच या काउंटरवर उभे राहिलात. तुमचं काही चुकलं का? कदाचित काहीच नाही. पण एक हिशोब मांडून बघा.

तापाचं औषध म्हणजे बहुतेक वेळा पॅरासिटामॉल. त्याच्या सिरपमध्ये पाच मिलिलिटरला साधारण १२५ किंवा २५० मिलिग्रॅम औषध असतं. त्याच औषधाचे तान्ह्या बाळांसाठी ड्रॉप्सही मिळतात. त्यात एका मिलिलिटरलाच १०० मिलिग्रॅम असतं. बाटली छोटी म्हणून औषध सौम्य असेल असं वाटतं, पण असतं नेमकं उलटं. आता बाळाचं वजन आठ किलो धरा. किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम या हिशोबाने त्याला एका वेळी ८० ते १२० मिलिग्रॅम पुरे. घाईत सिरपऐवजी ड्रॉप्सची बाटली गेली आणि सांगताना 'एक चमचा' सांगितलं गेलं, तर त्या बाळाच्या पोटात एका वेळी ५०० मिलिग्रॅम जाणार. म्हणजे मोठ्या माणसाची अख्खी गोळी, तीही दिवसातून तीनदा. दोन-तीन दिवस असं चाललं तर प्रश्न तापाचा राहत नाही, यकृताचा होतो.

शिवाय 'चमचा' म्हणजे कुठला? पोह्यांचा, साखरेच्या डब्यातला की आमटी वाढायचा? बाटलीवरच्या टोपणाला पाच मिलिलिटरची खूण असते, ती बोटाने दाखवायला दहा सेकंद लागतात. नाशिक-पुण्यात आई संध्याकाळी फोन करून विचारेल किंवा सकाळी परत येईल. राजूरला आलेली बाई एकदा गाडीत बसली की पुन्हा कधी येईल, याचा नेम नाही. पावसाळ्यात तर नाहीच. आवणी सुरू झाली की औषधाला काय, बाजारालाही माणूस खाली उतरत नाही. म्हणून इथे डॉक्टरांच्या चिठ्ठीनंतरची शेवटची तपासणी तुम्हीच आहात आणि तुमच्याकडे वेळ आहे तो गाडी सुटेपर्यंतचा.

राजूर म्हटलं की बाहेरच्यांना पेढे आठवतात, जनावरांचं प्रदर्शन आठवतं, भंडारदऱ्याला जाताना लागणारं गाव म्हणून ते लक्षात राहतं. पण डोंगराकडच्या कितीतरी वाड्या-पाड्यांसाठी राजूर म्हणजे दवाखाना आणि मेडिकल. अकोले वीसेक किलोमीटर, संगमनेर त्याच्याही पुढे. इथल्या काउंटरवर उभं राहणाऱ्या मुला-मुलीला किती येतं, यावर बरंच काही अवलंबून असतं.

आता येतं किती? डी.फार्म दोन वर्षांचं, वर प्रशिक्षणाचे पाचशे तास. २०२० च्या नव्या नियमांनी अभ्यासक्रम बदलला, त्यात समाजातली फार्मसी आणि रुग्णाशी बोलणं याला चांगली जागा मिळाली. त्याआधी पास झालेल्यांनी गोळी कशी बनते हे जास्त शिकलं, ती कशी द्यायची हे कमी. पण नव्यांनीही फार खूश होऊ नये, कारण पुस्तक परीक्षेपाशी थांबतं आणि औषधं थांबत नाहीत.

दोन-तीन उदाहरणं घ्या. १ मार्च २०१४ पासून 'शेड्यूल एच-वन' लागू झालं. काही अँटिबायोटिक्स, टीबीची औषधं, झोपेच्या गोळ्या विकल्या की वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद करायची आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. २०१८ पासून टीबीची औषधं नेणाऱ्या रुग्णाची माहिती सरकारला कळवणं औषध दुकानदारांवरही बंधनकारक झालं. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या औषध नियंत्रकांनी सांगितलं की क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेलं सर्दीचं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, आणि तसा इशारा लेबलवर छापावा. म्हणजे २०२२ ला पास झालेल्या फार्मासिस्टने जे औषध दोन वर्षांच्या पोराला बिनधास्त दिलं असतं, ते आज देता येत नाही. हे त्याला कोण सांगणार? औषध घेऊन येणारा एमआर? त्याच्याकडे त्या दिवशी वेगळी स्कीम असते.

ओआरएसचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे नसलेल्या गोड पेयांच्या नावात 'ओआरएस' लिहायला ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने बंदी घातली. तोवर जुलाब झालेल्या पोराला रंगीत खोक्यातलं सरबत औषध म्हणून पाजलं जात होतं. आणि खरं ओआरएस दिलं तरी काम संपत नाही. मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात घालायचं, छोटं पाकीट २०० मिलिलिटरमध्ये. चिमूट-चिमूट काढून ग्लासात टाकायचं नाही. लिटर कसा मोजायचा? पाण्याची रिकामी बाटली दाखवा, ती प्रत्येक पाड्यावर पोचलेली आहे. सोबत झिंक असेल तर जुलाब थांबले तरी चौदा दिवस पूर्ण करायचं. हे शेवटचं वाक्य फार वेळा राहून जातं.

कायदा काय म्हणतो आणि फुकट काय मिळतं

फार्मसी कायदा १९४८ चा. पण फार्मासिस्टने रुग्णाला काय सांगायचं, हे नीट लिहून आलं ते २०१५ च्या 'फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स'मध्ये. औषधाचं नाव, ते कशासाठी आहे, कसं आणि किती घ्यायचं, कुठला त्रास होऊ शकतो, कसं साठवायचं, एखादा डोस चुकला तर काय करायचं, हे सांगणं आता सौजन्य नाही, कामाचा भाग आहे. त्याच नियमांत नोंदणी टिकवण्यासाठी पाच वर्षांत किमान दोन रिफ्रेशर कोर्स करावेत असंही आहे. एक कोर्स किमान एका दिवसाचा. म्हणजे पाच वर्षांत दोन दिवस. इतक्या वेळात माणूस साधी दुचाकी शिकत नाही.

महाराष्ट्रात हे कोर्स राज्य फार्मसी कौन्सिलमार्फत होतात. काही चांगले असतात, काही ठिकाणी मात्र सही, चहा आणि सर्टिफिकेट असा कार्यक्रम असतो, हे तुम्हालाही माहीत आहे. पण याच कौन्सिलचं मुंबईत औषध माहिती केंद्र आहे आणि त्याचा उपयोग फार थोडे जण करून घेतात. दोन औषधं एकत्र चालतील का, गरोदर बाईला हे देता येईल का, असा प्रश्न अडला की तिथे विचारता येतो. आपल्याला उत्तर माहीत नाही हे गिऱ्हाईकासमोर कबूल करायला लाज वाटते, ठीक आहे. आत जाऊन फोन करायला कसली लाज?

बाकी फुकटात बरंच मिळतं. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०१७ मध्ये 'औषधाने अपाय नको' अशा अर्थाची मोहीम सुरू केली. औषधांच्या चुकांमुळे जगाला वर्षाला सुमारे ४२ अब्ज डॉलरचा भुर्दंड पडतो, असा तेव्हा संघटनेचा अंदाज होता. संघटनेचे ऑनलाइन कोर्स पैसे न घेता करता येतात, मोहिमेची पुस्तिका-पत्रकं डाउनलोड करता येतात. दर १७ सप्टेंबरला रुग्ण सुरक्षा दिन असतो, २०२२ ला त्याचा विषय हाच होता. आपल्याकडे १७ ते २३ सप्टेंबर हा औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवण्याचा राष्ट्रीय सप्ताह असतो. त्याच महिन्यात, २५ तारखेला जागतिक फार्मासिस्ट दिन. नवं शिकायला सप्टेंबरसारखा महिना नाही, कारण तेव्हा कुणी ना कुणी मोफत व्याख्यान ठेवतंच.

इंग्लंडमध्ये ही सोय पक्की बसवलीय. मँचेस्टर विद्यापीठातलं एक केंद्र तिथल्या सरकारी आरोग्य सेवेच्या पैशातून फार्मासिस्टांना पदवीनंतरचं शिक्षण देतं, शिकणाऱ्याला खिशात हात घालावा लागत नाही. सरकार पैसे का घालतं? कारण काउंटरवरची चूक निस्तरायला हॉस्पिटलात जास्त पैसे जातात. हिशोब सोपा आहे, आपल्याकडेही तो कुणी मांडावा.

माझी तक्रार दुसरीच आहे. बहुतेक चांगलं साहित्य इंग्रजीत. मराठी माध्यमातून शिकलेली राजूरची किंवा शेंडीची मुलगी तासभराचा व्हिडिओ डोळे ताणून बघते, नोट्स काढते, शेवटची प्रश्नावली सोडवून सर्टिफिकेटही मिळवते. पण तिला खरी परीक्षा द्यायचीय ती ठाकर आजोबांसमोर, आणि तिथे 'ॲडव्हर्स ड्रग रिअ‍ॅक्शन'चा काही उपयोग नाही. "ही गोळी घेतल्यावर अंगाला खाज सुटली, तोंड सुजलं, तर पुढची गोळी घेऊ नका, लगेच दवाखाना गाठा" हे वाक्य तिचं तिलाच तयार करावं लागतं. म्हणून एक सुचवतो. कोर्स करताना प्रत्येक धड्यानंतर वहीत तीनच वाक्यं लिहा, काउंटरवर बोलता येतील अशी. महिन्याभरात तुमच्याकडे जे पुस्तक तयार होईल, तसं विकत मिळणार नाही.

पिशवी घेऊन या

एक घरातली गोष्ट सांगतो. माझ्या आजीच्या पावलांना सूज यायला लागली. एका डॉक्टरांनी सूज उतरायला लघवीची गोळी दिली. आजी रात्रीतून चारदा उठायला लागली, सकाळी चक्कर यायची. एकदा ओट्याला धरून खालीच बसली. आम्ही वय झालं म्हणून गप्प. मग तालुक्याच्या मेडिकलमधली एक फार्मासिस्ट मुलगी आजीला म्हणाली, "आजी, पुढच्या वेळी घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा. चालू, बंद, सगळ्या."

पिशवी ओतली तेव्हा दिसलं की आजी बीपीची अ‍ॅम्लोडिपिन दोनदा घेत होती. मुंबईच्या डॉक्टरांनी एका कंपनीची लिहिली होती, गावच्या डॉक्टरांनी दुसऱ्या कंपनीची. नावं वेगळी, रंग वेगळा, आतलं औषध एकच. अ‍ॅम्लोडिपिनने पावलांना सूज येऊ शकते आणि डोस वाढला की ती शक्यता वाढते. म्हणजे लघवीची गोळी ही दुखण्यावरची नव्हतीच, आधीच्या गोळीवरची होती. त्या मुलीने स्वतः काही बंद केलं नाही. चिठ्ठीवर लिहून दिलं आणि आजीला डॉक्टरांकडे परत पाठवलं. डॉक्टरांनी एक गोळी काढली. महिन्याभरात चपला पायात जायला लागल्या.

मी तिला विचारलं, हे कॉलेजात शिकवतात? म्हणाली, थोडं. बाकी एका मोफत ऑनलाइन कोर्समध्ये बघितलं होतं, तिकडे त्याला 'ब्राउन बॅग' म्हणतात, कारण अमेरिकेतली माणसं खाकी कागदी पिशवीत औषधं घालून आणतात. आपल्याकडे किराणाच्या कापडी पिशवीत येतात, एवढाच फरक.

नावांचा घोळ हा तर स्वतंत्र विषय. आपल्याकडे हजारो ब्रँड, आणि त्यांची नावं बहीण-भावासारखी. २००१ मध्ये असाच एक वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. एका कंपनीचं 'फाल्सिगो', दुसरीचं 'फाल्सिटॅब', दोन्ही मेंदूच्या मलेरियावरची, पण आतली औषधं वेगवेगळी. नावातल्या साम्यामुळे होणारा गोंधळ औषधांच्या बाबतीत जास्त काटेकोरपणे तपासला पाहिजे, कारण औषधं ही मिठाई नव्हे, अशा आशयाचं न्यायालय तेव्हा बोललं. राजूरकरांना हे चटकन कळेल. पेढे एका दुकानाऐवजी दुसऱ्या दुकानातून आणले तर फार तर घरचे नाक मुरडतील. शेल्फवर शेजारी ठेवलेल्या दोन सारख्या पट्ट्यांपैकी चुकीची उचलली, तर तेवढ्यावर भागत नाही. उपाय फुकट आहे, सारख्या नावाची औषधं शेजारी ठेवायचीच नाहीत. अक्षर लागलं नाही तर अंदाज करायचा नाही, डॉक्टरांना फोन करायचा. "तुमचं अक्षर कळेना" म्हटल्यावर डॉक्टर रागावले तरी दुसऱ्या वेळी नीट लिहितात.

मेथोट्रेक्सेट हे नाव तेवढं लक्षात ठेवा. संधिवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. कुणी चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, जगभर असं झालेलं आहे. पट्टी देताना वार विचारा आणि वारच लिहा: "फक्त सोमवारी." आठवड्यातून एकदा असं मोघम नको.

आणि पट्टी कापताना नाव आणि एक्स्पायरी असलेला भाग शेवटपर्यंत राहील असं कापा. चार गोळ्या हव्यात म्हणून छापलेलंच टोक कापून दिलं, की घरात उरते ती बिननावाची, बिनतारखेची पट्टी. ती पुढे वर्षभर 'डोकेदुखीची' म्हणून घरभर फिरते.

बॅच नंबर हा अजून एक कंटाळवाणा प्रकार, बिलावर लिहायला जिवावर येतो. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरॉलमुळे १४ रुग्ण गेले आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोग बसला. त्या भेसळीतलं विष होतं डायएथिलीन ग्लायकॉल. जवळजवळ चाळीस वर्षांनी, २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधात तेच सापडलं, मुलं गेली. विष फार्मासिस्टने मिसळलं नव्हतं, हे खरं. पण अमुक बॅच थांबवा असा निरोप येतो, तेव्हा शेल्फवरची बाटली काढणं सोपं असतं, विकलेली बाटली कुठल्या पाड्यावर गेली हे बिलावरूनच कळतं. बिलच नसेल तर?

औषधाने त्रास झाला तर कळवायचं कुठे, हेही बहुतेकांना माहीत नसतं. औषध-दुष्परिणामांचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला, त्याचं मुख्य केंद्र गाझियाबादला आहे. टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४, कामाच्या दिवशी ऑफिसच्या वेळेत लागतो. मोबाइल अ‍ॅप आहे, आणि रुग्णाने स्वतः भरायचा फॉर्म मराठीतही मिळतो. त्रास औषधानेच झाला हे सिद्ध करायची जबाबदारी तुमची नाही. संशय आला, कळवलं, बस. यालाही एक पैसा लागत नाही.

इथे एक कडू गोष्ट बोलावीच लागेल. हे सगळं शिकायचं कुणी? ज्याचं सर्टिफिकेट भिंतीवर आहे त्याने, की जो काउंटरवर उभा आहे त्याने? सर्टिफिकेट भाड्याने देऊन घरी बसायचं, ही आपल्या धंद्यातली उघडी गोष्ट आहे. २०१२ च्या सुमारास राज्याच्या एफडीएने फार्मासिस्ट हजर नसलेल्या दुकानांवर कारवाईची मोहीम काढली, तेव्हा विक्रेत्यांनी दुकानं बंद ठेवून निषेध केला होता. महिन्याचे ठरलेले पैसे घरबसल्या मिळतात म्हणून तुमच्यापैकी कुणी तसा विचार करत असेल, तर चिठ्ठीवर दिलेल्या प्रत्येक गोळीखाली कायद्याने तुमचंच नाव आहे, एवढं ध्यानात ठेवा. दुकानदारांचीही बाजू आहे. राजूरसारख्या ठिकाणी पूर्णवेळ फार्मासिस्टचा पगार काढणं सोपं नाही. पण मग गावातल्याच, परिसरातल्याच मुलींना शिकू द्या की! ज्या मुलीला पाड्यावरची बोली येते, ती शहरातल्या एम.फार्मपेक्षा इथे जास्त चांगलं समजावून सांगेल.

सुरुवात कशी करायची, विचाराल तर एकदम सगळं नको. राजूर, शेंडी, कोतूळ, अकोले इथल्या चार-पाच जणांनी मिळून एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करा. आठवड्याला एक खरा प्रसंग टाका, रुग्णाचं नाव-गाव न देता. "साखरेच्या पेशंटला इन्सुलिन दिलं, घरी फ्रिज नाही, काय सांगू?" मग एकाने शोधून उत्तर द्यायचं. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही, गोठलेलं टाकून द्यायचं. चालू बाटली थंड, सावलीच्या जागी साधारण चार आठवडे चालते. फ्रिज नसेल तर पाणी घातलेल्या माठात, बाटली भिजणार नाही अशी डब्यात बंद करून. चुलीच्या फळीवर नको, पत्र्याखाली नको. लाइट जाणाऱ्या गावात ज्यांच्याकडे फ्रिज आहे त्यांनाही हे माठाचं सांगून ठेवा.

आणि बोलताना शेवटी एक प्रश्न विचारायची सवय लावा. "समजलं का?" हा प्रश्न नको. त्याला सगळे हो म्हणतात. मीही म्हणतो. "मावशी, आता घरी गेल्यावर पोराला हे कसं देणार, मला सांगा बरं," असं विचारा. ती टोपणातल्या खुणेवर बोट ठेवून सांगेल, किंवा चुकेल. चुकली तर पुन्हा सांगा. वाचता येत नसेल तर बाटलीवर पेनने सूर्य काढा, डोक्यावरचा सूर्य काढा, चंद्र काढा. चित्र वाईट आलं तरी चालतं.

कंडक्टर तोवर हाका मारायला लागलेला असेल. त्यालाही ओळखीचा करून घ्या. "मामा, एक मिनिट, औषध सांगतेय" म्हटलं तर गाडी थांबते.